सलग फरशी

"पण इथं एक पायरी घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे? नाहीतर वीतभर कठडा तरी घ्या," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले, तसा त्यांच्या मुलानं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाबा, पायरी नको, कठडा नको, म्हणून तर एवढा खटाटोप केलाय!"

दिवाणखान्याच्या सरकत्या काचेच्या दारापाशी चौघं उभी होती. मास्तर, त्यांचा मुलगा, सून आणि घराचं काम करणाऱ्या डिझायनर बाई. दारापलीकडे मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधून तयार होता, फक्त पाणी सोडायचं बाकी होतं. दिवाणखान्यातली पांढरी फरशी दाराखालून तशीच्या तशी बाहेर गेली होती. मध्ये ना उंबरठा, ना उतार. तलावाच्या कडेला पोचून तीच फरशी आत उतरली होती आणि तळही तिचाच केला होता. पाणी भरलं की ते फरशीच्या पातळीला काठोकाठ राहणार, घर कुठं संपतं नि पाणी कुठं सुरू होतं ते कळणारही नाही, असं बाई हात पसरून सांगत होत्या. काम देखणं झालं होतं, त्यात वाद नाही.

"कळणार नाही, तेच म्हणतोय मी," मास्तर पुटपुटले.

बाईंनी ते ऐकलं. बाई घमेंडखोर नव्हत्या. त्या वळून मास्तरांजवळ आल्या.

"काका, तुम्हाला काही त्रास आहे का? गुडघे, नजर, काही? मोकळेपणानं सांगा. अजून वेळ गेलेली नाही. कडेनं खडबडीत दगडाची पट्टी घेता येईल, पायाला लगेच कळते. आणि घरात लहान मूल आहे, तर भोवती जाळी लावू, असं मी पहिल्यापासून म्हणतेय."

"जाळी लावली की सगळी शोभाच गेली," मुलगा म्हणाला. "दाराला वर खटका आहे, पोरीचा हात पोचत नाही. शिवाय दुपारभर बाबा असतात. आयुष्यभर अख्खी बस सांभाळली त्यांनी, एक पोर नाही का सांभाळणार?"

"डोळ्यांत तेल घालून सांभाळतात," सून म्हणाली. तिनं ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

खरं बोलायची संधी अशी आपल्या पायांनी चालत समोर आली होती. मास्तरांच्या जिभेवर शब्द आलेही. पण तेवढ्यात मागून चूं चूं, चूं चूं असा आवाज करत त्यांची नात धावत आली आणि त्यांच्या पायाला मिठी मारून उभी राहिली. मास्तरांनी शब्द गिळले.

"छे हो! मला काय धाड भरलीये?" ते म्हणाले. "म्हाताऱ्याची आपली बडबड. चालू द्या तुमचं."

आता हे मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत बरं का. ते बसमधले कंडक्टर. प्रवासी मास्तर म्हणत, ते नाव जे चिकटलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. उभी हयात हलत्या बसमध्ये तोल सांभाळत, गर्दीतून वाट काढत गेली. कुठल्या स्टॉपवर कोण चढलं आणि कोण न उतरता तसंच पुढं चाललंय, हे त्यांना मान न वळवता कळे. अशा माणसाला आता घरातल्या टेबलाचा कोपरा लागत होता आणि मांडीवर काळेनिळे डाग पडत होते.

कारण मास्तरांना काचबिंदू होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसे, शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसे, पण बाजूचं आणि पायाखालचं सगळं गेलं होतं. नळीतून बघावं तेवढंच जग उरलं होतं आणि ती नळीही बारीक होत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जात. "गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवू," असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरी येऊन मास्तरांनी मोतीबिंदू म्हणून सांगितलं. पिकला की काढू, घाई नाही. मुलगा म्हणाला, बरं. मुलाला कामातून मान वर काढायला फुरसत नव्हती, आणि बाप कधी खोटं बोलल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

खोटं का बोलले? दुपारसाठी. बायको गेल्यापासून मास्तरांच्या दिवसात तेवढंच काय ते उरलं होतं. सकाळी मुलगा-सून कामाला जात, दुपारी नात बालवाडीतून येई आणि संध्याकाळपर्यंत ती दोघंच असत. मास्तर तिला 'अर्धं तिकीट' म्हणत. जेवण झालं की सोफ्याची बस होई. बाहुल्या प्रवासी, नात ड्रायव्हर, आजोबा कंडक्टर. सोफ्याच्या लाकडी पाठीवर तळहाताची एक थाप मारली की बस थांबायची, दोन थापा मारल्या की सुटायची. खऱ्या बसची घंटा बिघडली की मास्तर पत्र्यावर अशीच थाप मारत. दोन थापा मारून ते लगबगीनं सोफ्यावर चढत, कारण कंडक्टर नेहमी शेवटी चढतो, आणि नात ओरडे, "मास्तर, लवकर! राहाल मागं!"

डोळ्यांचं कळलं असतं तर ही दुपार गेली असती. पोरीला आंधळ्या माणसाच्या भरवशावर कोण ठेवील? त्यांनी स्वतः ठेवलं नसतं.

मग त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. लहान मुलांचे चालताना वाजणारे बूट असतात ना, ते. पोर दुडुदुडु चालायला लागली तेव्हा घेतले होते. ते लहान झाले की मास्तर स्वतः बाजारात जाऊन पुढच्या मापाचे आणत. आता तिचं वय त्या बुटांचं राहिलं नव्हतं, दुकानदार हसायचा, सून तर वैतागली होती. "बाबा, डोकं उठतं हो त्या चूं चूंनी!" मास्तर म्हणत, "असू दे, घरात जाग वाटते." सबंध दुपार ते त्या आवाजामागं चालत. चूं चूं स्वयंपाकघरात, चूं चूं जिन्यापाशी. आवाज थांबला की ते हाक मारत आणि आवाज पुन्हा सुरू होई. त्यांचं सगळं बरं चाललं होतं.

तलावात पाणी भरलं आणि सगळंच बिनसलं.

पाणी नव्हतंच जणू. मास्तर दारात उभे राहून बघत तर समोर नुसता पांढरा, लखलखीत उजेड. फरशी कुठवर आणि पाणी कुठून, काही पत्ता लागत नव्हता. शेजारीपाजारी बघायला आले, वाहवा झाली. मास्तरांनीही मान डोलावली. पण रात्री अंथरुणातून उठून ते त्या दाराचा खटका चाचपून येत.

दुसरा घाव सुनेनं घातला, बिचारीला न कळत. पांढऱ्या फरशीवर रबराचे काळे ओरखडे उठायला लागले तसं तिनं फर्मान काढलं, "आजपासून चपला-बूट पुढच्या दाराशी. घरात सगळ्यांनी अनवाणी."

"अगं, पण पोरीचे बूट..." मास्तर म्हणाले.

"तिचे तर आधी! तिच्याच बुटांचे डाग आहेत ते."

घर एकदम मुकं झालं. त्या दिवसापासून मास्तर दर थोड्या वेळानं "अर्ध्या तिकिटा!" म्हणून हाका मारू लागले. पोर आधी ओ देई. मग तिला कंटाळा आला, आणि मग तिनं त्याचाच खेळ केला. ओ द्यायची नाही, लपून बसायचं आणि आजोबांना शोधायला लावायचं. मास्तर हसत हसत शोधत, पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. सरकत्या दाराचा वरचा खटका ते दुपारी कितीदा तरी हातानं चाचपून बघत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, बोटांवर होता.

आणि नेमकं त्या दिवशी त्यांनी बोटं वापरली नाहीत.

तलाव साफ करणारा माणूस आला होता. काम आटोपून तो घरातूनच निघाला. बोलका गडी होता. जाता जाता म्हणाला, "येतो मास्तर. काचेचं दार लावलंय."

मास्तर दाराकडे बघत उभे होते. काच इतकी स्वच्छ की ती लागली आहे की उघडी आहे, हे त्यांना कळेना. पुढं होऊन खटका चाचपायला हवा होता. पण हा गडी तिथं उभा, टुकूटुकू बघतोय. याच्यादेखत आंधळ्यासारखे हात फिरवायचे? उद्या हा पंचक्रोशीत बोंब मारील.

"हो, दिसतंय की," मास्तर ऐटीत म्हणाले.

दार ओढलेलं होतं, पण खटका लागला नव्हता. आणि तेवढ्यात नात बालवाडीतून आली, त्या गडबडीत चाचपायचं राहूनच गेलं.

जेवणं झाली. मास्तर भांडी विसळायला लागले. नात बाहेर सोफ्यावर बाहुल्या बसवत होती, तिची बडबड ऐकू येत होती. मग ती ऐकू येईना.

"अर्ध्या तिकिटा!"

उत्तर नाही. मास्तरांनी नळ बंद केला.

"गाडी सुटणार हं! कोण राहिलंय?"

काही नाही. ते दिवाणखान्यात आले तर अंगाला वाऱ्याची झुळूक लागली. बंद घरात वारा कुठून आला? त्यांनी हात पुढं केला. जिथं काच असायला हवी तिथं काहीच नव्हतं.

"बाळा! कुठायस तू? खेळ बंद! ऐकतेस का, खेळ बंद!"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी डावीकडे मान फिरवली, उजवीकडे फिरवली. नळीत एकदा भिंतीचा तुकडा आला, एकदा कुंडीतलं झाड आलं, एकदा नुसताच उजेड आला. आणि कुठंतरी पाण्याचा चुळुक असा आवाज झाला. तो पंपाचा होता की पोरीचा, कोण सांगणार?

मास्तर खाली बसले आणि रांगायला लागले. तापलेल्या फरशीवर तळहात आपटत, काठ शोधत ते पुढं सरकले. या फरशीला, हिच्या सलगपणाला आणि स्वतःच्या थोबाडाला ते शिव्या घालत होते. दिसतंय की, म्हणे! काय दिसतंय रे तुला, गाढवा? एकाएकी हात ओला झाला आणि कोपरापर्यंत आत गेला. पोहायला त्यांना येत नव्हतं. ते तसेच, चष्म्यासकट, कपड्यांसकट पाण्यात उतरले.

पाणी छातीपर्यंत आलं. ते दोन्ही हातांनी पाणी चाळत, पायानं तळ चाचपत चालू लागले. "बाळा! बाळा!" ज्या आवाजावर गच्च भरलेली बस मागून पुढं सरकायची, तो आवाज आता हातभरही पोचत नव्हता. आणि तळाशी पायाला काहीतरी लागलं. मऊ आणि हलणारं.

मास्तरांनी श्वास न घेताच पाण्यात बुडी मारली. नाकातोंडात पाणी गेलं. ती मऊ वस्तू त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळून वर काढली, डोळ्यांसमोर धरली.

साफसफाईचं फडकं होतं. सकाळी तो गडी विसरून गेलेला.

"आजोबा!" अगदी जवळून आवाज आला आणि खळखळून हसू आलं. "तुम्ही चष्मा घालून पोहताय?"

नात दाराला लागूनच, भिंतीशी पाठ टेकून सावलीत बसली होती. मास्तर तिच्या शेजारून रांगत गेले होते.

काठ धरून ते कसेबसे वर आले. पोरीच्या एक ठेवून द्यावी असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तिला इतकं घट्ट जवळ घेतलं की ती कुरकुरायला लागली.

"ओलं, ओलं! सोडा ना!" मग ती म्हणाली, "मी तर इथंच होते. तुम्ही बघितलं पण माझ्याकडे. मी हात पण हलवला. तुम्ही पुढंच गेलात."

मास्तरांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं.

"आजोबा, तुम्हाला मी दिसले नाही?"

"नाही, बाळा."

तिनं त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "आता?"

"आता दिसतेस. अगदी छान दिसतेस."

ती विचारात पडली. मास्तरांनी दार ओढलं, खटका लावला, हातानं खटका दोनदा ओढून बघितला. ओले कपडे वाळत घातले, दिवाणखान्यातलं पाणी पुसून काढलं. दुपार होती, ऊन कडक होतं, संध्याकाळपर्यंत सगळं खडखडीत वाळलं असतं. नात मागं मागं फिरत होती. शेवटी तिनंच हळूच विचारलं, "आईला सांगायचं नाही ना? मी पण नाही सांगणार. आपलं सीक्रेट."

सोन्यासारखी पोर. घडलंच काय होतं? काही नाही. उद्यापासून खटका दहादा तपासायचा, त्या गड्याला मागच्या फाटकातून ये म्हणायचं, झालं. मास्तर सोफ्यावर बसून हा विचार करत राहिले. मग त्यांच्या तळपायाला ते फडकं पुन्हा लागल्यासारखं झालं, आणि त्यांनी पाय वर ओढून घेतले.

संध्याकाळी मुलगा-सून आली. मुलगा हातपाय धुऊन तलावाकाठी खुर्ची टाकून बसला आणि पाय पसरून म्हणाला, "वा! बाबा, तुम्ही आहात म्हणून हे सुख बरं का. घरी काय चाललंय याची कामावर मला रत्तीभर काळजी नसते."

"तुझी खुर्ची थोडी डावीकडे घे," मास्तर म्हणाले.

"का?"

"घे म्हणतो ना."

मुलानं खुर्ची सरकवली. मास्तर समोर, सरळ बघत राहिले.

"आता तू मला दिसत नाहीस. तुझी खुर्ची दिसत नाही, हे पाणी दिसत नाही, माझे पायसुद्धा दिसत नाहीत. मोतीबिंदू नाहीये तो. काचबिंदू आहे. बरा होत नाही." आणि त्यांनी दुपारचं सगळं सांगून टाकलं. खटक्याचं, गड्यासमोरच्या ऐटीचं, फडक्याचं. काही झाकलं नाही.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो एकदम उसळला.

"म्हणजे इतके दिवस आम्ही पोरीला... बाबा, ती मेली असती! कळतंय का तुम्हाला? बाईंनी तोंडावर विचारलं होतं! तेव्हा का नाही बोललात?"

"भ्यालो."

"कशाला? आम्ही काय घराबाहेर काढणार होतो तुम्हाला?"

"तिला काढून घेतली असती माझ्याकडून," मास्तर म्हणाले. "दुपारची."

मुलगा उठून पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. सून इतका वेळ पोरीला छातीशी धरून बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बूट," ती म्हणाली. "बाबा, ते बूट... आणि मीच ते काढायला लावले."

"तुला काय माहीत, बेटा? मी सांगितलं कुठं होतं?" मास्तरांनी नाक ओढलं. "जाळी लावून घ्या. बाईंना म्हणावं, पट्टीपण करा ती दगडाची. आणि उद्याच्या उद्या हिच्यासाठी पाळणाघर बघा."

"जाळी लावल्यावर पाळणाघर कशाला?" सून म्हणाली. "जाळी लावली की मग तुम्ही..."

"नको. गॅस आहे, जिना आहे, रस्ता आहे. मी ज्या बसमध्ये कंडक्टर होतो, तिच्या ड्रायव्हरची नजर अशी असती तर मी तिला जागची हलू दिली नसती." मास्तरांनी हात झटकला. "मला बोलायला लावू नका आता. बघा म्हटलं ना, बघा."

डिझायनर बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. शोभेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मास्तरांना हाताला धरून अंगणभर फिरवलं, कुठं अडतं, कुठं चमकतं ते विचारून घेतलं. जाळी लागली, काठाला खडबडीत दगड आला, दाराखाली उंबरठाही आला. मुलगा मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि येताना गाडीत त्यांचा हात हातात धरून बसला. लहानपण सोडलं तर त्यानं असा हात कधी धरला नव्हता. इतक्या उशिरा का होईना, मास्तरांना बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

मग पाळणाघराचा पहिला दिवस आला. बालवाडी सुटली की मुलांना घरी न आणता परस्पर तिकडेच नेणारी गाडी होती, ती सकाळी दाराशी आली. नात पुढच्या दाराशी बूट घालत बसली होती. सुनेनं आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन स्वतः आणले होते, पुढच्या मापाचे, वाजणारे. पोर ते घालून मुद्दाम दिवाणखान्यात परत गेली, पांढऱ्या फरशीवर चूं चूं करत एक चक्कर मारून आली. काळे ओरखडे उठले. सुनेनं ते तसेच राहू दिले.

मास्तर फाटकापर्यंत आले. आवाज त्यांच्या पुढून गेला, गाडीच्या पायरीवर चढला, आत गेला आणि थांबला. रस्त्यापलीकडे शेजारीण दारात उभी होती. तलाव साफ करणारा गडीही नेमका सायकल लावत होता.

"बसलीस का नीट?" मास्तरांनी विचारलं.

"बसले!"

"बाजूची दांडी धर. धरलीस?"

"धरली!"

मास्तरांनी हात लांब करून गाडीचा पत्रा शोधला. सापडला. त्यावर त्यांनी तळहाताच्या दोन थापा मारल्या, जोरात. पूर्वीसारख्या. गाडी हलली.

"मास्तर!" आतून पोर घाबरून ओरडली. "मास्तर, तुम्ही राहिलात! थांबवा ना, आजोबा राहिले!"

गाडी वळणापर्यंत गेली. मास्तर तिचा आवाज विरेपर्यंत उभे होते. मग ते वळले आणि शेजारणीच्या नि त्या गड्याच्या देखत, दोन्ही हातांनी सावकाश चाचपडत, त्यांनी फाटकाचा खटका शोधला, लावला आणि ओढून बघितला.